पहिली डावी

रात्री अकराला फोन वाजला. "साहेब, तिसऱ्या फाट्यावर गाड्या उलट्या येतायत."

उलट्या म्हणजे?

"रिव्हर्समध्ये. ओळीनं."

पुलाच्या सांध्यांचं काम असल्यामुळे रस्ता रात्रीपुरता पूर्ण बंद होता. डायव्हर्जनचे बोर्ड लावणं आणि सांभाळणं माझ्याकडे. एकूण 27 बोर्ड होते. ते लावताना वाहतुकीच्या दिशेनं लावत जायचे, म्हणजे सर्वात आधी लांबची सूचना आणि शेवटी बंद रस्त्यावरचं बॅरिकेड. काढताना बरोबर उलट. हा क्रम मी तोंडपाठ म्हणून दाखवू शकतो, म्हणूनच गाडीत बसताना मला वाटलं, कुणीतरी दारू पिऊन घुसलाय.

फाट्यावर पोहोचलो तर एका लांबलचक ट्रेलरचे लाल दिवे शेतात जाणाऱ्या बोळात अडकलेले, आणि त्याच्यामागे 11 गाड्या. बोळ इतका अरुंद की दरवाजा उघडला की कुंपण लागत होतं. तिथून वळायला जागा नव्हती. शेवटच्या दोन-तीन गाड्या धीर सुटून मागे यायला लागल्या होत्या, तेही हमरस्त्यावरच्या वाहनांच्या तोंडावर.

माझ्या अंगावर चमकणारं जाकीट असल्यामुळे "बोर्ड कुणी लावला?" याचं उत्तर शोधायची कुणालाच गरज पडली नाही. मी ऐकून घेतलं. ट्रेलरमागच्या गाडीतला माणूस मात्र रागावला नव्हता, ओशाळला होता. "एवढी मोठी गाडी गेली म्हटल्यावर रस्ता असणारच, असं वाटलं." डायव्हर्जनवर हे नेहमीचंच. दोन वळणं झाली की माणूस बोर्ड वाचायचं सोडतो आणि पुढच्याचे दिवे धरून चालतो.

मग एक माणूस बोळाच्या तोंडाशी लाल बॅटन घेऊन, एक प्रत्येक गाडीबरोबर चालत, अशी सर्वात मागची गाडी आधी, या क्रमानं सोडवणूक सुरू केली. लहान गाड्या अर्ध्या तासात निघाल्या. ट्रेलरनं मात्र घाम काढला. ट्रेलर मागे घेताना स्टिअरिंग आपल्याला वाटतं त्याच्या उलट फिरवायचं असतं, आणि जरा जास्त फिरवलं की जोडातून सुरीसारखी घडी पडते. ड्रायव्हर वयस्क होता. त्याचा सोबती मागे उभा राहून पत्र्यावर थाप मारायचा: एक थाप चल, दोन थापा थांब. इतक्या आरडाओरड्यात त्या दोघांना एकमेकांशी एक शब्दही बोलावा लागला नाही. पाऊण तास लागला.

ट्रेलर बाजूला लागल्यावर मी गाडी मागे नेली आणि अनोळखी माणसासारखा त्या बोर्डाकडे आलो. बोर्ड उत्तम दिसत होता. त्याचा पत्रा दिव्याचा उजेड आला त्याच दिशेनं परत पाठवतो, त्यामुळे तो आतून पेटल्यासारखा वाटतो आणि त्याच्यामागचा रस्ता आणखी काळा होतो. डावीकडे बाण. ताशी 50 किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ 14 मीटर. दोन सेकंदांत डावीकडे पहिलं जे तोंड उघडलं, ते बोळाचं. खरा रस्ता त्याच्या पुढे होता.

नकाशावर बोळ नव्हता. आणि नकाशावर बोर्डाची जागाही ही नव्हती. तो अगदी वळणाच्या तोंडाशी हवा होता, पण तिथली साइडपट्टी खचलेली. बोर्ड लावणाऱ्या माझ्या मुलांनी स्टँड 30 मीटर अलीकडे आणून, पायांवर वाळूच्या गोण्या ठेवून, सरळ उभा केला आणि मला फोटो पाठवला. फोटोत बोर्ड होता, गोण्या होत्या, बाण स्वच्छ होता. मी "ओके" पाठवलं होतं. आमच्या कामात फोटोला फार मान आहे. बोर्डाच्या पुढे काय आहे ते त्यात येत नाही. मुलांना बोलण्यासारखं काही नव्हतं. मी दिवसा तिथून चार वेळा गेलो होतो, पण मला वळण माहीत होतं, म्हणून बोळ कधी दिसलाच नाही.

बोर्ड उचलून वळणाच्या पलीकडच्या कोपऱ्यात घट्ट जमिनीवर नेला. अलीकडे त्याच जागी आधी सरळ जाऊन मग वळणाऱ्या बाणाचा बोर्ड लावला, खाली अंतर लिहून. बोळाच्या तोंडाशी बॅरिकेड लावलं, आत राहणाऱ्यांपुरती फट ठेवून. आणि वळण घेतल्यावर लगेच दिसेल असा एक सरळ बाण, म्हणजे बरोबर चाललोय हे कळावं. तो बाण नकाशावर होता, पण स्टँड कमी पडले म्हणून संध्याकाळी मीच त्याला उद्यावर टाकलं होतं.

ट्रेलरवाले काका पाण्याची बाटली रिकामी करत सगळं बघत होते. इंजिन सुरू करताना त्यांनी विचारलं, "पुढे सगळं नीट आहे ना?"

"हो," म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. "पाच मिनिटं थांबा," म्हणालो, आणि माझी गाडी त्यांच्या पुढे घेतली.