वेदना

मंगळवार, रात्री साडेदहा

नौपाड्यातल्या क्लिनिकमध्ये आज शेवटच्या बाई साडेसातला आल्या. ओल्या छत्रीसकट. लोकलमध्ये छाती धडधडते, आता मरणारच असं वाटतं, म्हणून चार महिने येतात. ईसीजी, टू-डी एको, सगळं नॉर्मल. आज मी त्यांना म्हटलं, धडधड घालवू नका, ती कुठे आहे तेवढं बघा. डोळे उघडेच ठेवा. पर्सचा पट्टा त्यांनी इतका आवळला होता की नखं पांढरी पडली होती. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "गळ्याखाली गरम आहे. पण फरशीचा गारवा पायाला लागतोय, तो बरा वाटतोय." आणि पट्टा सुटला.

मराठीत वेदना म्हणजे फक्त दुखणं. पालीत, म्हणजे बुद्धवचनांच्या भाषेत, सुखद, दुःखद आणि धड ना सुखद ना दुःखद, तिन्ही वेदनाच. पायाचा तो गारवासुद्धा. घाबरलेल्या माणसाला एकच वेदना दिसते, बाकीच्या दोन तिथेच असतात.

कोपरीच्या घरी आजी रोज संध्याकाळी वंदना म्हणायची. आजोबांनी 1956 ला नागपूरला दीक्षा घेतलेली. मानसशास्त्राच्या एम.फिल.च्या वेळी एका सरांनी बजावलं होतं, "धर्म घरी ठेवायचा." मी ठेवला. पुढे कळलं, अमेरिकेतल्या जॉन काबाट-झिन यांनी 1979 मध्येच मॅसॅच्युसेट्सच्या मेडिकल स्कूलमध्ये रुग्णांसाठी सजगतेचा (माइंडफुलनेसचा), म्हणजे बौद्ध ध्यानातून आलेला, कार्यक्रम सुरू केला होता. मग मानसशास्त्रज्ञ टीझडेल आणि सहकाऱ्यांचा 2000 चा अभ्यास वाचला: तीन किंवा अधिक वेळा नैराश्य येऊन गेलेल्यांत ते पुन्हा येण्याचं प्रमाण सजगतेवर आधारलेल्या उपचाराने 66 वरून 37 टक्क्यांवर आलेलं. तेव्हा कुठे मी इगतपुरीला विपश्यनेच्या शिबिरात दहा दिवस बसले. आजीवर विश्वास ठेवायला मला परदेशी पेपर लागला, याची खंत अजून आहे. तोवर ती गेली होती.

पण नुसत्या श्रद्धेनेही घात होतो. सुरुवातीच्या वर्षांत अपघातातून वाचलेल्या एका मुलाला मी डोळे मिटून श्वास बघायला लावला. मिटल्या डोळ्यांपुढे त्याला तो रस्ताच दिसला. तो पुन्हा आला नाही. तेव्हापासून आधी नीट हिस्टरी, आधी पाय जमिनीवर, श्वास नंतर. तो मुलगा आजही आठवतो.

बाई उद्या 8.12 ची लोकल पकडणार आहेत. चप्पल काढून पाय टेकवून बसेन म्हणाल्या, बसायला मिळालं तर.