नोंद नाही

मी संख्याशास्त्र शिकवतो. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमचं कॉलेज आहे. दिवाळीची सुट्टी संपून ‘आविष्कार’ची कॉलेज फेरी जवळ आली की सगळ्या विभागांची मुलं माझ्या दाराशी उभी राहतात. ‘सर, शंभर सॅम्पल पुरतील ना?’ ‘सर, एवढं एसपीएसएसमध्ये टाकून द्या की.’ एसपीएसएस म्हणजे आकडेमोडीचं सॉफ्टवेअर. मला हे दिवस मनापासून आवडतात. एरवी बीएच्या वर्गात काय चाललंय आणि केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये कशाचा वास येतोय, हे एकाच माणसाला कुठे कळतं?

आविष्कार ही राज्यातल्या विद्यापीठांची संशोधन स्पर्धा २००६पासून चालू आहे. भाषा-मानव्यविद्येपासून शेती, औषधनिर्माणापर्यंत सहा गट, आणि पदवीच्या मुलांसाठी स्वतंत्र पातळी. आधी कॉलेजात निवड, मग पुढे. ज्या दिवसाबद्दल लिहितोय तो आमच्या कॉलेज फेरीचा दिवस.

सकाळी साडेनऊला फिजिक्सच्या लॅबबाहेरच्या व्हरांड्यात पोरं पोस्टरं टांगत होती. परीक्षक अकराला येणार होते. केमिस्ट्रीच्या दोघांनी कालव्याचं गढूळ पाणी दोन बरण्यांत भरून ठेवलं होतं. एकीत शेवग्याच्या बियांची पूड टाकली होती. त्या बियांमधलं प्रथिन धनभारित असतं, ते मातीच्या ऋणभारित कणांना धरतं आणि गाळ तळाशी बसतो. तासाभरात एक बरणी नितळ होत आलेली दिसत होती. शेजारी कॉमर्सची मुलं आठवडी बाजारातल्या भाजीवाल्यांच्या क्यूआर कोडबद्दल काहीतरी घेऊन उभी. मराठी विभागाच्या एका मुलानं मेंढपाळांच्या तोंडचे पावसाचे शब्द गोळा केले होते. त्याच्याकडे फार थांबता आलं नाही, याची मला अजून रुखरुख आहे.

थांबलो ते टोकाच्या पोस्टरपाशी. इतिहासाची तिसऱ्या वर्षाची मुलगी. विषय होता तिच्या आजोळच्या गावातली १९१८ची इन्फ्लुएंझाची साथ.

ही मुलगी जूनपासून माझ्याकडे येत होती. टाळेबंदीत घरी बसली असताना आजी म्हणाली होती, ‘आमच्या सासूबाई सांगायच्या, अशीच मानमोडी आली होती, एका घरातनं दोन-दोन गेली.’ मानमोडी म्हणजे तीच इन्फ्लुएंझाची साथ. तेवढ्या एका शब्दावरून तिचा प्रकल्प निघाला. मोडी लिपीचा वर्ग केला, तहसीलदारांकडे अर्ज दिला आणि रेकॉर्ड रूममध्ये बसून त्या गावचं कोतवाल बुक वाचलं. कोतवाल बुक म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूची नोंदवही. हल्ली लोकांना ते नाव जातीच्या दाखल्यासाठी पुरावा शोधताना कळतं. फोटो काढायला परवानगी नव्हती, म्हणून तिनं दोनशे पानी वहीत हातानं उतरवून घेतलं. डाव्या पानावर जन्म, उजव्या पानावर मृत्यू, मुळात जसं होतं तसंच.

ती वही मी आधी चाळली होती. मृत्यूच्या पानांवर शेवटचा रकाना कारणाचा. त्यात मानमोडी हा शब्द कुठेच नाही. ऑक्टोबर १९१८ लागला की वर ‘ताप’ असं एकदा लिहिलेलं आणि खाली पानभर कित्ता, कित्ता, कित्ता, म्हणजे ‘वरीलप्रमाणे’. तिनं तो प्रत्येक कित्ता तसाच उतरवला होता. मी म्हटलं, ‘अगं, एक कंस घालायचास.’ तर म्हणाली, ‘सर, प्रत्येक कित्ता एक माणूस आहे ना.’

तिची पद्धत साधी आणि बरोबर होती. १९१३ ते १९१७ या पाच वर्षांतल्या त्याच महिन्यांची सरासरी काढायची आणि १९१८चे मृत्यू तिच्याशी ताडून पाहायचे. जास्तीचे जे निघतील ते साथीचे. आलेख आठवड्यांचा होता. सप्टेंबरअखेर रेघ हलते, ऑक्टोबरच्या मध्यावर एकदम उभी चढते. मुंबईत पहिली लाट जूनमध्ये आली होती, दुसरी आणि भयंकर लाट सप्टेंबर-ऑक्टोबरात. ६ ऑक्टोबरला एकट्या मुंबईत ७६८ माणसं गेली. तिथून रेल्वेच्या वाटेनं साथ आत आली, त्यात त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेलेला. तिचा आलेख या सगळ्याशी जुळत होता. पण ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात रेघ सरळ खाली येऊन तळाला टेकत होती. शून्य. तीन आठवडे शून्य. मग पुन्हा नेहमीसारखे थोडे थोडे मृत्यू.

खाली निष्कर्ष तिसरा ठळक अक्षरांत: प्लेगच्या अनुभवामुळे ग्रामस्थांनी गाव सोडून रानात मुक्काम केला, त्यामुळे साथ तीन आठवड्यांत आटोक्यात आली.

हा निष्कर्ष मी आधी पाहिला नव्हता. माझ्याकडे ती सरासरी तपासून घ्यायला आली होती, तेव्हा आलेख अर्धाच होता. तिच्या मार्गदर्शक मॅडमना हा निष्कर्ष फार आवडला होता, आणि तो आवडण्यासारखा होताही. प्लेगमध्ये लोक गाव सोडून रानात झोपड्या घालायचे, हे खरंच आहे.

मी विचारलं, ‘हे तीन आठवडे शून्य आहेत की कोरे?’

‘म्हणजे?’

‘कुणी मेलं नाही म्हणून नोंद नाही, की नोंद करायला कुणी नव्हतं?’

ती गप्प झाली. मी म्हटलं, डावं पान काढ. त्या तीन आठवड्यांत जन्म किती? तिनं जन्म मोजले नव्हते, कारण प्रश्न मृत्यूंचा होता. मोडीचा हात बसावा म्हणून तेवढे उतरवले होते. व्हरांड्याच्या कठड्यावर वही ठेवून तिनं बोटानं तारखा लावत नेल्या. एक पान उलटलं, परत मागं आली. त्या तीन आठवड्यांत जन्मही एकसुद्धा नाही.

मोठं गाव होतं ते. त्या आधीच्या महिन्यांत आठवड्याला सरासरी दोन जन्म पडत होते. साथीत माणसं मरायची थांबू शकतील, पण नऊ महिन्यांपूर्वी ठरलेली बाळंतपणं थांबत नाहीत. आठवड्याला दोन अशा गतीनं तीन आठवडे एकही जन्म न होण्याची शक्यता मी तिथेच तिच्या वहीच्या मागच्या पानावर काढून दाखवली. चारशेत एक.

तिनं लगेच हरकत घेतली, आणि ती फार चांगली हरकत होती. ‘पण सर, लोक रानात गेले असतील तर बाळंतपणंही रानातच झाली असतील. मग जन्म लिहिले गेले नाहीत, एवढंच.’

‘बरोबर. मग रानात मेलेल्यांची नोंद कुणी केली?’

ती वहीकडे पाहत राहिली. पाच मिनिटं झाली असतील. कुणीतरी शेजारी खुर्च्या ओढत होतं. मग ती अगदी हळू म्हणाली, ‘सर, मूळ बुकात इथून अक्षर बदललंय.’

मला मोडी येत नाही. तिनं मला समजावून सांगितलं. मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढून घेतात आणि मग अक्षरं तिला टांगत जातात, शब्द तोडत नाहीत. जुना लिहिणारा पट्टीनं आखल्यासारखी रेघ ओढायचा. नोव्हेंबरच्या मध्यापासून रेघ डावीकडून उजवीकडे उतरत जाते आणि अक्षरं दाटीवाटीनं येतात. ‘तिथून पुढं मला वाचताच येईना. आठ दिवस अडले होते. मला वाटलं, माझंच मोडी कच्चं.’

म्हणजे तिच्याकडे उत्तर होतं, आठ दिवस डोळ्यांसमोर होतं. लिहिणारा बदलला होता. तो मेला, अंथरुणाला खिळला की त्याची बदली झाली, हे वहीत नाही. त्यानं कुठे सहीही केलेली नाही, त्यामुळे नाव शोधायलाही जागा नाही.

मी तिला सांगितलं की हे एकट्या तिच्या गावाचं नाही. त्या साथीत देशभर नोंदणीचं काम कोलमडलं, कारण नोंद करणारे गावकामगार स्वतःच आजारी पडले, मेले. हिंदुस्थानात एक कोटीहून जास्त माणसं गेली असं म्हणतात तेव्हा तो आकडा या वह्यांची बेरीज करून आलेला नसतो. १९११ची आणि १९२१ची जनगणना समोरासमोर ठेवून, लोकसंख्या किती व्हायला हवी होती आणि किती भरली, यावरून अभ्यासक अंदाज बांधतात. आपल्या जनगणनांच्या इतिहासात तेवढ्या एकाच दशकात लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. ती घट जिथून सुरू झाली त्यातले तीन कोरे आठवडे या मुलीनं बोटानं दाखवले होते.

सव्वादहा वाजले होते. पोस्टर फ्लेक्सवर छापलेलं, त्याचे पैसे तिनं स्वतः भरलेले. मॅडम आल्या, त्यांना सांगितलं. त्यांना पटलं. पण त्या म्हणाल्या, ‘आता राहू दे. परीक्षकांनी विचारलं तर तोंडी सांग. खाडाखोड केलेल्या पोस्टरचे मार्क जातात.’ त्यांचंही चूक नव्हतं, सादरीकरणाला वेगळे गुण असतात हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. मी काही बोललो नाही. खरं म्हणजे मला बोलायला हवं होतं.

मुलगी ऑफिसकडे पळाली. पांढरा कार्डशीट, कात्री आणि फेविकॉल घेऊन आली. तीन आठवड्यांच्या रुंदीची पट्टी कापली आणि आलेखाच्या तळावर नाही, तळापासून थेट माथ्यापर्यंत उभी चिकटवली. मी विचारलं, एवढी उंच कशाला? म्हणाली, ‘रेघ कुठवर गेली असती ते आपल्याला माहीत नाही ना, सर.’ त्या पट्टीवर स्केचपेननं उभं लिहिलं: नोंद नाही. मग निष्कर्ष तिसऱ्यावर एक सरळ रेघ मारली. खालचा मजकूर वाचता येईल अशी.

तीस वर्षं मी मुलांना गहाळ नोंद आणि शून्य यांतला फरक फळ्यावर शिकवतोय. कुणी तो इतका अचूक काढून दाखवलेला मी पाहिला नव्हता.

परीक्षक दोघे होते. एकांनी पोस्टरकडे पाहून कपाळाला आठ्या घातल्या, दोन प्रश्न विचारले आणि पुढे गेले. दुसरे निवृत्त प्राध्यापक, ते वही मागून घेऊन तिथेच बाकावर बसले. तिला म्हणाले, ही नोंद वाच, ही वाच, इथं काय आहे? एका नोंदीत अडलेलं मोडी अक्षर तिनं तसंच काढून ठेवलं होतं. वय ‘दीड’ होतं, ते तिनं ‘दहा’ वाचलं होतं. त्यांनी ते दुरुस्त करून दिलं. तिनं तिथल्या तिथं वहीत खूण केली. मी लांबून पाहत होतो. बारा वाजून गेले तरी ते उठले नव्हते.

तिचा प्रकल्प पुढच्या फेरीला गेला नाही. शेवग्याच्या बियांचा गेला आणि तोही चांगलाच होता, त्या पोरांनी खरोखर मेहनत केली होती. तिला वाईट वाटलं, रडली थोडी. मलाही वाटलं.

एका गोष्टीचा मला तेव्हापासून घोर लागला आहे. चार वर्षांच्या पदवीत चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करता येणार, हे नवीन शैक्षणिक धोरणातलं मला सगळ्यात आवडलेलं कलम. एक पूर्ण वर्ष, एक प्रश्न, एक मार्गदर्शक. पण डिसेंबर २०२२च्या आराखड्यात त्यासाठी पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुणांची अट आहे. या मुलीचे साठ-बासष्टच्या पुढे कधी गेले नाहीत. इंग्रजीत आणि पर्यावरणाच्या पेपरात ती मागं पडते, आणि घरी म्हशी आहेत. मोडी वाचणारी, जन्माच्या पानावरून मृत्यूचं पान तपासणारी, छापून आलेल्या स्वतःच्या निष्कर्षावर रेघ मारणारी मुलगी त्या दाराबाहेर राहणार असेल, तर मी माझ्या पातळीवर जिथे जिथे सही करतो तिथे हे लिहून देणार आहे. दोनदा दिलंही आहे.

पुढच्या सोमवारी ती पुन्हा तहसीलला निघाली. मला तास नव्हता, मीही बरोबर गेलो. रेकॉर्ड रूमच्या कारकुनानं शिडीवर चढून शेजारच्या गावाचा रुमाल, म्हणजे कापडात बांधलेलं दप्तर, काढून दिला. तिच्या गावापासून कोसभर अंतर. लाल कापडाची गाठ सुटता सुटत नव्हती, शेवटी तिनं दातानं सोडवली. ऑक्टोबर १९१८. रेघ सरळ होती. ताप, कित्ता, कित्ता. पान उलटलं, नोव्हेंबर लागला. अक्षर तेच. तारखा चालूच होत्या, पहिला आठवडा, दुसरा, तिसरा, एकही सुटलेला नाही.

तिनं वही उघडली, मधोमध रेघ ओढून डावीकडे जन्म, उजवीकडे मृत्यू असं लिहिलं आणि पहिल्या नोंदीपासून उतरवायला घेतलं.