बेचाळीस पावलं

"टेपसुद्धा इथेच ठेवा," इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या.

पेन्सिल, चाव्या, पर्सचा पट्टा, मोबाइलची वायर आधीच ट्रेमध्ये गेली होती. मोजमाप मग कशाने घेऊ, असं विचारणार होते, पण त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून उत्तर कळलं. पाच मीटरची पोलादी पट्टी, दोन्ही कडा धारदार, शिवाय गळ्याभोवती सहज गुंडाळली जाणारी. त्यांनी मला एक जाडसर स्केचपेन दिलं आणि चार सुटे कागद.

वास्तुकार म्हणून माझं काम तसं किरकोळ होतं. मनोरुग्णालयातल्या पुरुषांच्या एका जुन्या वॉर्डाची दुरुस्ती: फरशी, रंग, खिडक्यांच्या जाळ्या आणि फास अडकवता येईल अशी एकही जागा उरणार नाही याची तजवीज. शेवटच्या कलमाचा अभ्यास मी करून ठेवला होता. वजन पडताच सुटून येणारे पडद्याचे रॉड, दोरी घसरून पडेल अशा उतरत्या माथ्याच्या दारमुठी, भिंतीत पुरलेले पाइप. या कामात नजरेला एकच खोड लागते, इथे काही अडकेल का? आत राहणारा माणूस दिवसभर काय करतो हे मात्र कुठल्याच नकाशात नसतं. म्हणून सकाळच्या राऊंडपासून संध्याकाळपर्यंत आत बसायची परवानगी मी मागून घेतली होती.

वॉर्ड म्हणजे एक लांब, अरुंद बोळ. एका टोकाला कुलपाचं दार. दाराला लागून सिस्टरची काचेची खोली, तिच्यातच औषधाची खिडकी आणि समोरच्या भिंतीवर रुग्णांसाठीचा एकुलता एक फोन. दुसऱ्या टोकाला एकांताची खोली. मध्ये एका बाजूला खाटा, दुसऱ्या बाजूला हॉल.

हॉलमध्ये खुर्च्या चारही भिंतींना पाठ लावून ओळीने मांडलेल्या. पुसायला सोयीचं पडतं, असं सिस्टर म्हणाल्या, आणि ते खरंच होतं. शेजारच्याशी बोलायचं तर मान वाकडी करावी लागायची, समोरच्याशी बोलायचं तर ओरडावं लागायचं. पहिल्या दोन तासांत मी तीन संभाषणं मोजली, त्यातलं एक एकाच माणसाचं होतं. माणसांना एकमेकांपासून लांब लोटणाऱ्या अशा रचनेला हम्फ्री ऑस्मंड या मानसोपचारतज्ज्ञाने १९५०च्या दशकात नावच दिलं होतं, सोशिओफ्यूगल. त्याच्याच सांगण्यावरून रॉबर्ट सॉमर या मानसशास्त्रज्ञाने कॅनडातल्या एका वृद्ध स्त्रियांच्या वॉर्डात भिंतीकडच्या खुर्च्या लहान लहान टेबलांभोवती आणल्या. सुरुवातीला त्या बायकांनाच ते पटलं नाही. काही आठवडे गेल्यावर मात्र गप्पा जवळजवळ दुप्पट झाल्या.

बोळात एक गृहस्थ येरझारा घालत होते. पन्नाशीचे असावेत. चौथ्या फेरीला माझ्यापाशी थांबले.

"ताई, काय लिहिताय?"

"या बोळाची लांबी काढतेय. टेप काढून घेतली माझी."

"बेचाळीस," ते लगेच म्हणाले. "सकाळी बेचाळीस पावलं. औषधाच्या वेळेला पस्तीस."

मी हसले. कागदावर '४२' लिहिलं आणि पुढे कंसात '३५?' असंही. बोळ आखडतो असं त्यांना भासत असावं, असा माझा समज झाला. असा समज करून घ्यायला मी तरी मोकळी नव्हते, कारण कियोशी इझुमी या वास्तुकाराची हकीकत मला ठाऊक होती. कॅनडातल्याच सस्कॅचवानमध्ये मनोरुग्णालयाचा आराखडा करण्याआधी त्याने ऑस्मंडच्या मदतीने एलएसडी हे भास घडवणारं द्रव्य घेतलं आणि त्या अवस्थेत जुन्या इमारतीत हिंडला. भिंतीत आत गेलेली कपाटं त्याला काळ्या विवरांसारखी दिसली. खाटा इतक्या उंच होत्या की बसल्यावर पाय जमिनीला टेकत नव्हते. रुग्ण ज्यांना घाबरत होते त्या गोष्टी इमारतीतच होत्या. (आजच्या नियमांत हा प्रयोग कुणी करू देणार नाही, आणि मलाही करायचा नाही.)

दुपारी चारला घंटा वाजली आणि औषधांची रांग लागली. खिडकी दाराशेजारी, म्हणून रांग बोळातच वळली. फोनची वेळही चारचीच, त्यामुळे समोरच्या भिंतीशी दुसरा घोळका. त्यातच कुणाचे तरी नातेवाईक भेटायला आले आणि दार उघडलं. पाच फुटांच्या रुंदीत वीस-बावीस माणसं झाली. येरझारा घालणारे गृहस्थ रांगेच्या शेपटापर्यंत यायचे, थबकायचे, वळायचे. पस्तीस. मी स्केचपेन खाली ठेवलं.

सातव्या-आठव्या फेरीला ते पुटपुटायला लागले. दहाव्या फेरीला रांगेतल्या एका तरुणाचा खांदा त्यांना लागला. तरुणाने "अहो, बघा ना," एवढंच म्हटलं. बाजूला सरकायला दोघांनाही जागा नव्हती. पुढच्या फेरीला त्यांनी त्याला दोन्ही हातांनी ढकललं. तो फोनवर बोलणाऱ्या माणसावर जाऊन आदळला.

पुढचं सगळं फार झपाट्याने झालं. काचेच्या खोलीतले ब्रदर बाहेर येऊ पाहत होते, पण त्यांचं दार बाहेर उघडणारं आणि दाराला माणसं टेकलेली. ते येईपर्यंत तिघांची झटापट झाली होती. चौघांनी मिळून गृहस्थांना धरलं, इंजेक्शन दिलं आणि एकांताच्या खोलीत नेलं. ती दुसऱ्या टोकाला. म्हणजे अख्खा बोळ, हॉलच्या उघड्या दारावरून, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. ते ओरडत नव्हते. हॉलमधली माणसं आपापल्या भिंतीशी आणखी घट्ट बसली.

त्यांचे हात-पाय पट्ट्यांनी बांधले होते. दर पंधरा मिनिटांनी एक सिस्टर जाऊन बघत होती.

सहा वाजता इन्चार्ज सिस्टर घटनेचा फॉर्म भरत होत्या. 'रुग्ण अचानक आक्रमक झाला.'

"अचानक?" मी विचारलं. "पाऊण तास चाललं होतं हे."

"मॅडम, तेवढ्यात मी औषधं वाटत होते. आणि फॉर्ममध्ये एवढीच जागा असते."

मला राग आला होता, पण त्यांचा नव्हता. एका सिस्टरला सगळीकडे लक्ष ठेवता यावं म्हणून दार, औषध आणि फोन एका जागी आणणारा कुणीतरी माझ्याच धंद्यातला होता. स्वीडनमधल्या गॉथेनबर्गच्या ओस्त्रा रुग्णालयाचं उदाहरण मी त्यांना सांगितलं. तिथला मानसोपचार विभाग २००६ मध्ये नव्या इमारतीत गेला: स्वतंत्र खोल्या, बाग दिसेल अशा खिडक्या, गर्दी टाळायला जागा. रॉजर उलरिक या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी जुन्या-नव्याची तुलना करून २०१८ मध्ये ती प्रसिद्ध केली. नव्या इमारतीत सक्तीची इंजेक्शनं बरीच कमी झाली होती आणि ज्यांना बांधावं लागलं, त्यांनाही सरासरी निम्म्याच वेळा.

"त्यांच्याकडे माणसंही जास्त असतील," सिस्टर म्हणाल्या. नुसत्या भिंतींना सगळं श्रेय देता येत नाही, हे मलाही मान्य होतं.

"पण फोन तरी हलवा," त्या थोड्या वेळाने म्हणाल्या.

फोन हॉलच्या कोपऱ्यात गेला. औषधाची खिडकी हॉलच्या बाजूला उघडायला मंजुरी मिळाली. बोळ रुंद करायचा तर खांब हलवावे लागले असते, ते झालं नाही. एकांताची खोली जिथे होती तिथेच आहे, आणि त्याबद्दल मी अजून पत्रं लिहिते.

काम सुरू झालं तेव्हा ते गृहस्थ घरी गेले होते. साइटवर माझा पहिलाच कच्चा कागद मिस्त्रीच्या हाती लागला होता, स्केचपेनने काढलेला.

"मॅडम, हे बेचाळीस काय आहे? फूट का मीटर? कशातच बसत नाही."

"पावलं आहेत," मी म्हटलं. "बोळातली औषधाची खिडकी बंद केली की चार वाजता एकदा चालून बघायचंय."