जिप्सम बोर्डची नवी भिंत : कामाची नोंद

भिंत ४ मीटर लांब, २.४ मीटर उंच. बोर्ड १२.५ मिमी जाडीचे, बसवून झालेत.

दिवस १. आधी स्क्रू तपासले. लिंपायची रुंद पट्टी बोर्डवरून सपाट ओढायची. कुठे टक् वाजलं की तिथलं डोकं वर आहे. ते बोर्डवरच्या कागदाच्या आवरणाच्या किंचित खाली जायला हवं, पण कागद फाटता कामा नये. बोर्ड धरून ठेवतो तो कागदच. फाटला असेल तर शेजारी साधारण ४० मिमीवर दुसरा स्क्रू मारून पहिला काढून टाकायचा.

मग सांधे. जॉइंट कंपाऊंडचा (सांधे भरायच्या लेपाचा) थर, त्यावर पेपर टेप, पट्टीने दाबून जादा माल बाहेर. दाबताना टेपखाली थोडा माल उरू द्यायचा. सगळा निपटला की टेप तिथे सुटते आणि वाळल्यावर फुगा येतो. असा फुगा दिसला तर कापून पुन्हा भरा, वरून लिंपून तो दबत नाही.

दिवस २ आणि ३. दुसरा हात २५० मिमी रुंद, तिसरा ३०० मिमी, प्रत्येक वेळी मध्ये २४ तास. तयार मिळणारं कंपाऊंड पाणी उडून वाळतं, वाळताना आकसतं. घाईने जाड थर दिला की चिरा ठरलेल्या. बोर्डच्या लांब कडा उतरत्या असतात, त्यामुळे तिथला माल खोलगटीत बसतो. आखूड कडांच्या सांध्याला ती सोय नाही, तिथे उंचवटा येणारच. तो ५०० मिमीपर्यंत पसरवत न्यावा लागतो. सर्वांत जास्त वेळ इथेच द्यावा.

दिवस ४. १५० नंबरच्या पॉलिश पेपरने घासलं, शेवटी २२०. तोंडाला मास्क हवाच. टॉर्च भिंतीला चिकटवून आडवा उजेड टाकला की पट्टीच्या रेघा, खड्डे सगळं उघडं पडतं. कंपाऊंडच्या बाहेर बोर्डचा कागद घासू नका, त्याची लव उभी राहते आणि रंगाखालून खरखरीत लागते. धूळ ब्रशने झाडून मग ओलसर फडक्याने हलकेच पुसली. धुळीवर प्रायमर धरत नाही.

दिवस ५. ड्रायवॉल (म्हणजे जिप्सम बोर्ड) प्रायमरचा एक हात, अंदाजे १ लिटर. हा वगळून रंगाचा जादा हात देणं मला पटत नाही. कागद आणि कंपाऊंड पाणी वेगवेगळं शोषतात, त्यामुळे प्रायमरशिवाय सांध्यांचे पट्टे निस्तेज किंवा चकचकीत दिसत राहतात. प्रायमर वाळल्यावर पुन्हा टॉर्च. भिंत एकरंगी झाली की राहिलेले दोष आता कुठे नीट दिसतात. तीन खड्डे भरले, घासले, तेवढ्याच जागी परत प्रायमर.

दिवस ६. मॅट इमल्शन, दोन हात, मिळून २ लिटरच्या आसपास. कोपरे आणि कडा ब्रशने ओढून लगेच रोलर, कड ओली असतानाच. वाळू दिली तर जोड दिसतो. दोन हातांमधला वेळ डब्यावर लिहिल्याप्रमाणे. चकाकी जितकी जास्त, तितके दोष ठळक. म्हणून या भिंतीला मॅटच.

बाकी : छताच्या कडेची कॉक (फट बुजवायचा लवचीक माल) भरणी.