फ्रेमवरचा आकडा आणि दशकाचा घोळ

जुना स्पीकर हाती आला की मी आधी त्याची पाठ पाहतो, कारण अमेरिकी बनावटीच्या बऱ्याच स्पीकरांच्या फ्रेमवर किंवा चुंबकाच्या टोपणावर शाईने उमटवलेला सहा-सात आकडी ईआयए (अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक्स उत्पादकांची संघटना) संकेतांक असतो. सुरुवातीचे अंक उत्पादकाचे, नंतरचे वर्षाचे आणि शेवटचे दोन आठवड्याचे. जेन्सनचा अंक २२०, सीटीएसचा १३७, ऑक्सफर्डचा ४६५, युटाचा ३२८. म्हणून १३७६५३२ म्हणजे सीटीएसने १९६५ च्या ३२व्या आठवड्यात घडवलेला स्पीकर. एमिनन्सचा अंक मात्र दोनच आकडी, ६७. ६७७४१२ हा संकेतांक तीन अंकांचा उत्पादक धरून वाचू लागलात, तर ६७७ नावाच्या कारखान्याचा शोध घेत बसाल. शेवटचे दोन अंक ५३ च्या पुढे गेले, तर तो क्रमांक बहुधा तारखेचा नव्हेच.

खरा घोळ सहा आकडी जेन्सनचा. २२०६३८ मध्ये वर्षासाठी एकटा ६ आहे; तो १९४६ चा, १९५६ चा की १९६६ चा, हे आकडा सांगत नाही. एका स्पीकरचे वय मी कित्येक महिने दहा वर्षांनी चुकीचे मानत होतो, आणि तेही मॉडेलचे नाव डोळ्यांसमोर असताना. जेन्सनच्या नावातले पहिले अक्षर चुंबकाचा प्रकार सांगते: एफ म्हणजे विजेवर चालणारी फील्ड कॉइल, पी म्हणजे अल्निकोचा (ॲल्युमिनियम, निकेल, कोबाल्ट यांच्या मिश्रधातूचा) कायमचुंबक, सी म्हणजे सिरॅमिक. सिरॅमिक चुंबक १९५० च्या दशकात आले, त्यामुळे सी १२ आर या मॉडेलवर हा आकडा दिसला तर १९४६ तिथेच बाद होते. पी १२ आर असेल, तर मात्र कोन (आवाज काढणारा कागदी शंकू), लेबल, डब्याची रचना असे इतर पुरावे धुंडाळावे लागतात.

इंग्लंडच्या सेलेस्टियनची रीत निराळी. तिथे महिना ए ते एम या अक्षरांनी दाखवतात आणि १ या अंकाशी गल्लत होऊ नये म्हणून आय गाळतात; वर्षाचे अक्षर १९६८ पासून पुन्हा ए ने सुरू होते.

तारीख पक्की झाली तरी ती फ्रेमची असते. कोन आणि व्हॉइस कॉइल (कोनाला जोडलेली तारेची गुंडाळी) नंतर बदललेली असू शकते, आणि शाईचा छाप तसाच राहतो. डस्ट कॅपच्या (कोनाच्या मध्यावरच्या टोपीच्या) कडेचा गोंद कागदापेक्षा ताजा दिसला, की मी विक्रेत्याच्या 'अस्सल' या शब्दावर विश्वास ठेवत नाही.