कोगनोळी नाक्याच्या अलीकडे की पलीकडे? दहावीनंतरची तयारी, सीमाभागातून

सुरतकलचं एनआयटी, धारवाडची आयआयटी, पुण्याचं सीओईपी, बेंगळुरूचं आरव्ही. बेळगाव, खानापूर, निपाणीच्या घरांत ही नावं निघाली की चर्चा लगेच ‘क्लास कुठला लावायचा’ इथे येऊन थांबते. त्याआधीचा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. अकरावी-बारावी बेळगावात पीयूसी (कर्नाटकातली अकरावी-बारावी) म्हणून करायची, की राज्याच्या हद्दीवरचा कोगनोळी नाका ओलांडून कोल्हापूर-गडहिंग्लजला? हॉस्टेलचा खर्च आणि क्लासचं नाव बघून हे ठरवलं जातं, आणि दोन वर्षांनी कौन्सेलिंगच्या (प्रवेशफेरीच्या) फॉर्मवर त्याची किंमत कळते.

एनआयटीत निम्म्या जागा ‘होम स्टेट’च्या असतात. होम स्टेट कुठलं, हे आधार कार्ड किंवा रेशन कार्ड ठरवत नाही. बारावी ज्या राज्यातून पास, ते तुमचं राज्य. येळ्ळूरचा मुलगा बारावी कोल्हापुरातून करतो, तेव्हा या हिशोबात तो महाराष्ट्राचा होतो. सुरतकलचा घरचा कोटा त्याच्यासाठी बंद आणि नागपूरच्या व्हीएनआयटीचा उघडा. यात तोटाच आहे असं नाही, पण हे माहीत असून निवडलेलं असावं. आयआयटीला असा राज्यकोटा नाही, तिथे फक्त रँक.

कर्नाटकाच्या सीईटीचा (केसीईटी, म्हणजे राज्याची प्रवेश परीक्षा) नियम वेगळा. इयत्ता पहिलीपासून दुसऱ्या पीयूसीपर्यंतची (बारावी) किमान 7 वर्षं कर्नाटकात शिकलेली हवीत, आणि एसएसएलसी (दहावी) किंवा दुसरी पीयूसी यांपैकी एक परीक्षा कर्नाटकातून पास हवी. म्हणजे दहावीपर्यंत खानापुरात शिकून पुढे कोल्हापूरला गेलेल्या मुलीला केसीईटीचं दार उघडं राहतं. उलट, चंदगडमध्ये दहावी करून बेळगावात पीयूसी केलेल्या मुलाची दोनच वर्षं भरतात, तो या कलमात बसत नाही. फॉर्मवर ‘गडिनाडू कन्नडिग’ असाही एक पर्याय दिसतो. सीमाभाग म्हणजे आपणच, असं समजून त्यावर टिक करू नका. तो कर्नाटकाबाहेरच्या सीमेलगत राहणाऱ्या, कन्नड, तुळू किंवा कोडव मातृभाषा असलेल्या मुलांसाठी आहे.

केसीईटीतल्या ग्रामीण कोट्यात तर खेड्यातल्या हुशार मुलांचंच जास्त नुकसान होतं. पहिली ते दहावी अशी सलग 10 वर्षं ग्रामीण शाळेत काढलेली लागतात. आठवीला ‘चांगली शाळा’ म्हणून मुलाला बेळगाव शहरात आणलं की हा हक्क गेला. कन्नड माध्यमाचा कोटाही आहे, तो मराठी माध्यमाला लागू नाही.

महाराष्ट्राच्या बाजूला आपल्यासाठी एक खिडकी आहे, ती मात्र कित्येकांना ठाऊकच नसते. इंजिनिअरिंगच्या कॅप फेरीत (महाराष्ट्राची केंद्रीय प्रवेश प्रक्रिया) ‘टाइप ई’ नावाची उमेदवारी आहे. वादग्रस्त सीमाभागात राहणारा, तिथल्याच मान्यताप्राप्त संस्थेतून शिकलेला आणि मराठी मातृभाषा असलेला विद्यार्थी त्यात अर्ज करू शकतो. महाराष्ट्र सरकार धरतं त्या 865 गावांत आपलं गाव आहे का, हे आधी पाहायचं. राहण्याचा आणि मातृभाषेचा दाखला माहितीपुस्तिकेतल्या ठरलेल्या नमुन्यातच लागतो, साध्या कागदावर लिहून आणलेला चालत नाही. परीक्षा अर्थात एमएचटी-सीईटी : 150 प्रश्न, 200 गुण, गणिताचा प्रश्न 2 गुणांचा, निगेटिव्ह मार्किंग नाही.

दोन्ही सीईटींची तयारी ‘एकातच होऊन जाईल’ असं म्हणणारे भेटतील. अर्धंच खरं आहे. एमएचटी-सीईटी महाराष्ट्र बोर्डाच्या पुस्तकांवर असते, पीयूसी सायन्स एनसीईआरटीवर. शिवाय महाराष्ट्रात मेरिट सीईटीवर लागतं, तर केसीईटीच्या इंजिनिअरिंग रँकमध्ये पीयूसीच्या फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्सच्या गुणांना 50 टक्के वजन. म्हणून क्लासच्या टेस्ट सिरीजसाठी कॉलेजची परीक्षा ‘नुसती पास’ करायची, ही इकडे मोठी चूक. जेईईतून आयआयटी-एनआयटीला जाणाऱ्यांनाही बारावीला एकूण 75 टक्के (एससी-एसटीला 65) किंवा बोर्डाच्या वरच्या 20 पर्सेंटाइलमध्ये जागा लागतेच.

आता भाषेकडे येऊ. मराठी माध्यमाची मुलं पहिल्या पीयूसीत जूनपासून ऑक्टोबरपर्यंत गळतात, आणि घरचे म्हणतात ‘इंग्रजी कच्चं’. जरा जवळून पाहिलं तर अडतं दोनच ठिकाणी.

पहिलं, छोटे शब्द. ‘मोमेंटम’ म्हणजे संवेग हे मूल आठवड्यात शिकतं. पण ‘अ कार स्टार्ट्स फ्रॉम रेस्ट’ यातल्या ‘फ्रॉम रेस्ट’मध्ये सुरुवातीचा वेग शून्य ही दिलेली किंमत लपलेली आहे. ती दिसली नाही की मूल म्हणतं, गणितात माहिती कमी आहे. ‘ॲट लीस्ट टू’ म्हणजे दोन किंवा जास्त. ‘रिस्पेक्टिव्हली’ म्हणजे त्याच क्रमाने. ‘नॉट करेक्ट’मधला ‘नॉट’ तर घाईत वाचलाच जात नाही.

त्यावर उपाय दहावीच्या परीक्षेनंतरच्या सुट्टीतला. आपल्याकडचं दहावीचं विज्ञान-गणित एनसीईआरटीवरच बेतलेलं आहे, आणि एनसीईआरटीची इंग्रजी पुस्तकं त्यांच्या साइटवर फुकट मिळतात. मराठी धडा डाव्या हाताला, इंग्रजी उजव्या हाताला, रोज दोन पानं. आधी विद्युत आणि प्रकाश, मग रासायनिक अभिक्रिया. वहीत चार रकाने आखा : मराठी शब्द, इंग्रजी शब्द, चिन्ह, एकक. मागच्या पानांवर छोट्या शब्दांची वेगळी यादी ठेवा, तिचाच उपयोग जास्त होतो. शेवटी धड्याखालचे प्रश्न इंग्रजीतून वाचायचे आणि उत्तर मराठीत मोठ्याने सांगायचं. अर्थ पोचला की नाही, लगेच कळतं.

दुसरी अडचण भाषेची वाटते, पण ती गणिताची. फिजिक्सला पहिल्या महिन्यातच डेरिव्हेटिव्ह लागतात, वेग-त्वरणाच्या धड्यात. गणिताच्या तासाला तो धडा वर्षाच्या शेवटाकडे येतो. मधले महिने मूल फळ्यावरची चिन्हं नुसती उतरवून घेतं. कॉलेज सुरू होण्याआधी साइन-कॉसच्या किमती, ‘एक्सचा एन घात’ याचं डेरिव्हेटिव्ह आणि साधं इंटिग्रेशन एवढं करून जा. रोज तासभर दिला तर दहा दिवसांचं काम.

जेईई मेन आणि नीटचा पेपर मराठीतही निघतो, पण तो महाराष्ट्रातल्या केंद्रांवरच. हवा असेल तर केंद्र कोल्हापूर घ्यावं लागेल. आमचं मत : दोन वर्षं इंग्रजीत शिकून शेवटी मराठी पेपर घेऊ नये. भाषांतरात शंका आली तर इंग्रजीच ग्राह्य धरतात, आणि जेईई ॲडव्हान्स्ड फक्त इंग्रजी-हिंदीत असते.

कागदपत्रांचं थोडक्यात. स्टडी सर्टिफिकेट वर्षवार, बीईओच्या (गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या) सहीनिशी, शाळा बदलल्या असतील तर प्रत्येक शाळेचं. जात-उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीतून (महसूल खात्याचं स्थानिक कार्यालय), त्यावरचा आरडी नंबर (दाखल्याचा क्रमांक) जपून ठेवा. कर्नाटकात मराठा समाज 3बी या मागास प्रवर्गात येतो, पण राज्याची यादी आणि केंद्राची ओबीसी यादी या दोन वेगळ्या गोष्टी. जोसासाठी (आयआयटी-एनआयटीची एकत्र प्रवेशफेरी) ओबीसी-एनसीएल (नॉन-क्रीमी लेयर) दाखला केंद्राच्या नमुन्यात आणि त्या वर्षीच्या 1 एप्रिलचा किंवा त्यानंतरचा लागतो. राज्याचा दाखला तिथे जोडला तर अर्ज अडतो.

आणि नाव. इकडच्या शाळांत आडनाव कधी आधी, कधी शेवटी, वडिलांचं नाव कधी पूर्ण तर कधी नुसतं आद्याक्षर. पुढचे सगळे फॉर्म एसएसएलसीच्या मार्क्स कार्डावरून भरले जातात. दहावीला परीक्षेआधी शाळेत विद्यार्थ्यांच्या माहितीची यादी तपासायला देतात, तेव्हा पालकांनी स्वतः जाऊन आधार कार्ड शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवावं. त्या टप्प्यावर दुरुस्ती शाळेतच होते. मार्क्स कार्ड छापून आलं की बोर्डाकडे अर्ज करत बसावं लागतं.