रेडिओ दीर्घिकांची धूळ: मे अखेरची नोंद

या उन्हाळ्यात रेडिओत ठळक असलेल्या दीर्घिका निवडून वाइज या नासाच्या अवकाश दुर्बिणीच्या यादीतून त्यांची अवरक्त तेजस्विता उतरवत होतो. गृहीतक सरळ होतं: केंद्रातून निघणारा कणांचा झोत मोठा, म्हणजे कृष्णविवर जोमात, म्हणजे भोवतीची धूळही तापलेली. एम 87 या दीर्घिकेने ते मोडलं.

तिथलं कृष्णविवर सुमारे साडेसहा अब्ज सूर्यांचं, झोत 1918 पासून माहीत. पण 3.4 आणि 4.6 मायक्रॉन या अवरक्त तरंगलांबींमधला रंग निव्वळ म्हाताऱ्या ताऱ्यांचा. केंद्राचा जो अवरक्त प्रकाश आहे, तोही बहुतांश झोताचाच; तापलेल्या धुळीचं कडं जवळपास नाहीच. वायू इतका विरळ पडतोय की कृष्णविवराभोवतीची वायूची तबकडी नीट पेटतच नाही.

याउलट सिग्नस ए ही दीर्घिका. सुमारे 75 कोटी प्रकाशवर्षांवर असूनही 12 आणि 22 मायक्रॉनला उठून दिसते. आत क्वासार, म्हणजे जोमाने वायू गिळणारं झळाळतं केंद्र आहे, पण धुळीआड. धूळ त्याचा अतिनील आणि दृश्य प्रकाश गिळते आणि अवरक्तात परत सोडते. आपल्याकडे मे महिन्यात मध्यरात्रीपर्यंत गच्चीची फरशी अंग भाजते, तेच हे. फरशीचा तो अदृश्य प्रकाश 10 मायक्रॉनच्या आसपास सर्वाधिक असतो. दुर्बीण उबदार असती तर तीही अशीच चमकली असती; म्हणूनच वाइजला गोठवलेल्या हायड्रोजनने थंड ठेवावं लागलं. 2010 मध्ये तो संपला आणि 12 व 22 चे पट्टे गेले.

आता मला पटलेली गोष्ट अशी: रेडिओ लोब, म्हणजे झोतांनी दोन्ही बाजूंना फुगवलेले ढग, लाखो-कोट्यवधी वर्षांत फुगतात; धुळीचं कडं मात्र जेमतेम काही प्रकाशवर्षांचं, त्यामुळे केंद्रातला बदल त्यात लवकर दिसतो. लोब जुना हिशेब सांगतात, कडं आजचा. दोन्ही एकाच आलेखात एकमेकांचा पुरावा म्हणून मांडणं ही माझी चूक.

दुसरी चूक सेंटॉरस ए या दीर्घिकेची. यादीतली तेजस्विता बिंदूसारख्या स्रोतासाठी काढलेली असते आणि ही दीर्घिका चांगलीच पसरट. शिवाय तिच्या धूळपट्ट्यात नवे तारे जन्मतात, तेही धूळ तापवतात. त्यामुळे 22 मायक्रॉनचा सगळा आकडा कृष्णविवराच्या खात्यावर टाकता येत नाही. तिची ओळ तूर्त काढून टाकली आहे.

पण ही दीर्घिका डोळ्यांनी पाहायचीच होती. यावलच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी एका केळीच्या मळ्यात आठ इंची डॉब्सोनियन दुर्बीण लावली. इथून ती क्षितिजापासून फार तर 26 अंश वर येते. आधीच्या दोन रात्री फुफाट्याने खाल्ल्या. मग वळवाची सर आली, हवेतली धूळ बसली. नऊला ती भुसावळ-दीपनगरच्या उजेडातच होती. साडेदहाला थेट दक्षिणेला आली आणि गोल धूसर ठिपक्याच्या मधोमध काळी रेघ दिसली. बाजूला पाहत नजर तिरकी केली की स्पष्ट, सरळ पाहिलं की गायब. पाणी द्यायला आलेल्या मळेवाल्या काकांनाही दाखवली. त्यांना रेघ माझ्याआधी सापडली.